चराच्या पल्याडचा वेळू

खोली बघायला गेले तेव्हा मोजणीदारांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, तुमाला झाडाला पाणी घालायची खोड हाय का?"

त्याआधी मी तीन घरं पाहिली होती. तिथं पाण्याचा विषयच निघाला नव्हता. आधी आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला, असे प्रश्न यायचे आणि तिसऱ्या प्रश्नानंतर त्या खोलीत अचानक कुणीतरी पाहुणे राहायला येणार असायचे. मी बौद्ध घरातली, बावीस वर्षांची, हातात शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद. पाहुण्यांची मला तोवर चांगली सवय झाली होती. त्यामुळे चौथ्या घरी हा पाण्याचा प्रश्न आल्यावर मी आधी गोंधळले आणि मग खरं तेच सांगितलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडं प्यायलाच पाणी लांबून आणावं लागायचं."

"मग ऱ्हा," ते म्हणाले. "ज्याला खोड असते त्याला मी खोली देत न्हाई."

गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. वसमतहून एसटीनं कुरुंद्याकडं निघालं की वाटेत उतरायचं आणि पुढं चालायचं. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा बराच पुढं झाला. मोजणीदार निजामाच्या काळात जमीन मोजणीच्या खात्यात लागले आणि आपल्या राज्यातून निवृत्त झाले. राज्य बदललं, मोजणीची साखळी तीच राहिली, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांचं खरं नाव मला भाड्याच्या पावतीवरून माहीत होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

त्यांच्या परसात वेळूचं बेट होतं. गावातलं एकमेव. बेटाभोवती चारी बाजूंनी चर खणलेला, हातभर रुंद आणि अडीच हात खोल. अडीच हात म्हणजे अडीच हात. रोज सकाळी ते एक खाचा पाडलेली काठी घेऊन चराभोवती फेरी मारायचे, चारी कोपऱ्यांत काठी खाली सोडायचे आणि माती चार बोटं जरी साचली असली तरी फावडं घेऊन उतरायचे. वय सत्तरीच्या आसपास, धोतर खोचलेलं, आणि खणायला वाकले की चरातून नुसतं डोकं वर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हातारा स्वतःला पुरून घेतोय की काय असं मला वाटलं.

"वेळू पसरतो म्हणतात," ते सांगायचे. "वेळू पसरत न्हाई, बाई. माणूस झोपतो."

मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता नांदेडला माझ्या घराच्या मागं जे छोटं बेट आहे, त्याच्या चरात उतरताना ते आपोआप तोंडात येतं. शेजारच्या नव्या सूनबाईंना मी ठणकावून सांगते, घाबरू नका, तुमच्या भिंतीला काही होणार नाही. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण मी शिकले आहे. वेळूचा गड्डा जमिनीत फार खोल जात नाही. तो वरच्या वर, वीतभर-हातभर करत दरवर्षी बाहेर सरकतो. वाटेत उघडा चर आला की गड्ड्याचं टोक मातीतून बाहेर येतं, दिसतं, आणि दिसलं की छाटायचं. चुकून बाहेर कोंब आलाच तर तो कोवळा असताना कापायचा आणि भाजी करायची. भाजीच्या आधी दोनदा उकळून पाणी फेकायचं, नाहीतर कडू लागते. एवढीच विद्या. पण ती रोज करायची असते आणि तिथंच लोक मार खातात.

बेटातल्या प्रत्येक वेळूला मोजणीदारांनी रंग दिलेला असायचा. यंदाचा असेल तर बुंध्याशी गेरूचा पट्टा, दुसऱ्या वर्षी त्यावर चुना, तिसऱ्या वर्षी डांबर. "लाल लेकरू, पांढरा जवान, काळा जायला मोकळा." तोडायचा तो काळाच, तोही हिवाळ्यात, अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेल्या वेळूला भुंगा लागतो यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि भुंगा लागलेला वेळू मयताला देणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान, असं ते म्हणायचे.

हो, मयताला. बेट त्यासाठीच होतं. माझ्या खोलीच्या आढ्याला दोन लांब वाळलेले वेळू कायम बांधलेले असत. आधीचे दोन भाडेकरू त्या वेळूंखाली झोपायला नको म्हणून सोडून गेले होते. मीही पहिले आठ दिवस कूस बदलून बदलून त्यांच्याकडंच बघत होते. मग एका सकाळी कुणीतरी दारात येऊन नुसता उभा राहिला, मोजणीदार उठले आणि त्यांनी विचारलं, "उंची किती?"

तेवढंच विचारायचे. कोण गेलं, कशानं गेलं, काही नाही. उंची. मग माझ्या खोलीत येऊन, "बाई, जरा सरका," म्हणून स्टुलावर चढायचे, वेळू सोडायचे, काठीनं मोजायचे आणि जास्तीचा कापून द्यायचे. दुपारपर्यंत आढ्याला नवे दोन बांधलेले. बौद्धवाड्यातला असो की देशमुखांच्या गढीतला, वेळू त्याच आढ्याचे. एकदा गढीतल्या कुणीतरी सुचवलं की आमच्यासाठी जरा वेगळे ठेवत जा. मोजणीदार शांतपणे म्हणाले, "जरूर. तुमच्यासाठी वेगळा लावतो. तीन वरसं थांबा, मग मरा."

हे सगळं त्यांच्या बायकोपासून सुरू झालं होतं. ती गेली ऐन पावसाळ्यात. ओढ्याला पूर, बाजाराची वाट बंद, आणि गावात तिरडीपुरता वेळू नाही. शेवटी तिला शिडीवर बांधून नेलं. "शिडी माझीच व्हती," ते म्हणाले होते. "आंबे काढायची. पायऱ्या तिच्या पाठीला लागत व्हत्या. मी मागून चाललो व्हतो, मला दिसून राहिलं व्हतं." पूर ओसरल्यावर हा माणूस किनवटकडच्या जंगलात गेला, डोक्यावर ओल्या पोत्यात गड्डा घेऊन आला आणि परसात लावला. घराजवळ वेळू लावू नये, वाईट असतं, असं सगळं गाव सांगत होतं. माझं जे वाईट व्हायचं ते होऊन गेलं, असं म्हणून त्यांनी चर खणायला घेतला.

गावाचं त्यांनी ऐकलं नाही, पण शेजारणीचं ऐकावं लागलं. कुंपणापलीकडं एक वयस्क बाई राहायची, सगळं गाव तिला माय म्हणायचं. तिच्या अंगणात कुंपणाला लागून लिंबाचं झाड होतं, लोणच्याचं लिंबू, तिच्या मालकानं लावलेलं. वेळू लिंबाचं पाणी ओढील, भिंतीत शिरेल, साप येतील, म्हणून ती थेट पंचायतीच्या ओट्यावर गेली. तिचं मागणं साधं होतं, कोंब आला तर कापून द्यावा. पण मोजणीदारांना अपमान वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी राखलेला माणूस. त्यांनी तिथल्या तिथं कागद मागून स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की, माझ्या वेळूचा एक जरी कोंब शेजारच्या हद्दीत निघाला तर मी सगळं बेट मुळासकट काढून टाकीन. पंचांनी समजावलं, मायसुद्धा म्हणाली एवढं नको. ते म्हणाले, "लिव्हलं ते लिव्हलं."

पुढं मायचे मालक गेले. त्या बेटातले पहिले दोन वेळू त्यांना लागले. तरीही माय रोज कुंपणापलीकडून भांडायची. पाला माझ्याकडं पडतो, वाऱ्यानं करकर आवाज येतो, झोप लागत नाही. मोजणीदार ऐकून घ्यायचे आणि पाला गोळा करायला रस्त्यानं वळसा घालून तिच्या पुढच्या दारानं आत जायचे. कुंपणाला एका जागी चांगलं माणूस जाईल एवढं भगदाड होतं. त्यातून ते कधी गेले नाहीत.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढं तिनंच सगळं फिरवलं. शेताच्या भांडणात लोक अजून त्यांनाच बोलवायचे. मी असताना दोन भावांचं एका आंब्यावरून वाजलं. झाड बांधाजवळचं, मुळं धाकट्याच्या रानात पसरलेली, आंबे थोरला उतरवायचा. धाकटा म्हणे, माझ्या मातीवर जगतं तर झाड माझं. मोजणीदारांनी साखळी टाकली, हद्दीचा दगड दाखवला आणि निकाल दिला, "मुळं कुठून येतात ते पाहू नका. ती कुणाच्या बापाला दिसली न्हाईत. बुंधा जिथं, मालकी तिथं." निम्मं गाव तिथं जमलं होतं. मायसुद्धा होती.

मग बहात्तर साल आलं. त्या दुष्काळाबद्दल खूप लिहून झालं आहे, मी फक्त माझ्या बादलीबद्दल सांगते. आंघोळीला अर्धी बादली मिळायची. आंघोळ मी परातीत उभी राहून करायची आणि खालचं पाणी बादलीत परत भरायची. त्याच पाण्यात राखेनं भांडी. त्यानंतर जे गढूळ पाणी उरायचं ते गल्लीत फेकायचं, अशी मोजणीदारांची सक्त ताकीद होती. चराजवळ थेंब नको, ओलीच्या मागं गड्डा धावतो. पण मी ज्या घरात वाढले तिथं पाणी फेकणं म्हणजे भाकरी फेकणं. गल्लीच्या फुफाट्यात ते पाणी ओतलं की एका क्षणात नाहीसं व्हायचं आणि मला दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. कुंपणापलीकडं मायचं लिंबू पिवळं पडत चाललं होतं. चराचा एक कोपरा बरोबर त्याच्या बुडाशी.

एके दिवशी मी बादली त्या कोपऱ्यात ओतली. दुसऱ्या दिवशीही. मग रोज.

मायनं पाहिलं होतं. भाडेकरीण म्हणून ती माझ्याशीही भांडायची, ते थांबलं आणि एकदा कुंपणातून दोन लिंबं आली. वर्षभर लिंबू जगलं. वर्षभर राख, खरकटं आणि माती त्या कोपऱ्यात साचत राहिली. मोजणीदारांची सकाळची फेरी चालू होती, पण त्या वर्षी ते तीनच कोपरे करायचे आणि चौथ्याआधी वळायचे. गुडघ्यांनी दगा दिला असावा असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

पुढच्या साली पाऊस झाला. आषाढ सरत आला आणि मायनं मला कुंपणातून खुणेनं बोलावलं. लिंबाच्या बुडाशी एक टोपलं पालथं घातलेलं होतं. तिनं ते उचललं. खाली वीतभर कोंब, टोकदार, जांभळट, अंगावर बारीक लव.

"कापा लवकर, माय," मी म्हणाले. "मी भाजी करते, कुणाला कळणार नाही."

"काहून कापू? दुष्काळातून हिरवं निघालं ते कापत असतात व्हय?" तिनं टोपलं परत पालथं घातलं.

वेळूचा कोंब झाकून ठेवणं हा उद्योग फक्त मायच करू जाणे. दोन दिवसांत टोपलं वाकडं झालं. तिनं त्याच्यावर कोंबड्यांचं डालं घातलं. चार दिवसांनी तो कोंब डालं डोक्यावर घेऊन उभा होता आणि ते डालं आमच्या परसातून सरळ दिसत होतं.

त्या दिवशी नागपंचमी होती. मोजणीदार फेरीला निघाले, थांबले, डाल्याकडं बघितलं. मग घरात जाऊन कुदळ घेऊन रस्त्यानं वळसा घालून मायच्या दाराशी गेले. मी मागोमाग.

"वैनी, डालं उचला."

मायनं उचललं. त्यांनी कोंब पाहिला, काठी लावली, कुंपणापासूनचं अंतर मोजलं. "दीड हात," ते म्हणाले. "तुमच्या हद्दीत. मी बेट काढतो."

"आज पंचीम हाय," माय म्हणाली. "आज माती उकरत न्हाईत, चिरत न्हाईत. इसरले का?"

त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली. "बराबर हाय. उद्या."

तो दिवस माझ्या आयुष्यातला फार वाईट दिवस होता. ते ओट्यावर बसून कानशीनं कुदळीला धार लावत होते. मी दहा वेळा दारापर्यंत गेले. बादली मी ओतली, हे तीन शब्द मला बोलता आले नाहीत. कारण ही एकच खोली होती जिथं मला आडनाव विचारलं नव्हतं, आणि ती जाईल अशी मला भीती वाटत होती. पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी. त्या भीतीची मला आजही लाज वाटते.

बातमी गावभर गेली होती. सकाळी दोन पंच आले, गढीतलेही आले, बौद्धवाड्यातले चारपाच जण आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, बेट राहू द्या, उद्या कुणी गेलं तर काय करायचं. मोजणीदार म्हणाले, "लिवून दिलंय. मी दगड हलवला तर मग कुणाचा दगड जाग्यावर राहील?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बोलताना ते बेटाकडं पाठ करून उभे होते. शिडीच्या पायऱ्या आठवत असतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात माय आली. पुढच्या दारानं, वळसा घालून, त्यांच्यासारखीच.

"मोजणीदार, कुदळ कुणाच्या झाडावर चालवून राहिले?"

"माझ्या बेटावर. माझा वेळू तुमच्या हद्दीत आला."

"तुमचा?" माय म्हणाली. "माझ्या अंगणात हाय तो माझा वेळू. बुंधा जिथं, मालकी तिथं. आंब्याच्या टायमाला कोण बोललं व्हतं? मुळं कुठून येतात ते पाहू नका म्हणून?"

गावानं मोजणीदारांना पहिल्यांदाच उत्तर शोधताना पाहिलं.

"कागदात तुमच्या वेळूचं लिव्हलंय," माय पुढं म्हणाली. "तुमचा वेळू तुमच्या चरात हाय. माझ्या वेळूपायी तुमी तुमचं बेट काढायचं कारण न्हाई. अन् माझ्या वेळूला हात लावला तर मी पंचायतीत जाईन."

एक पंच खाली मान घालून हसत होता. मोजणीदारांनी काठी टेकली, डोळे बारीक केले आणि चांगलं मिनिटभर विचार केला. हद्दीचा वाद आला की ते असेच उभे राहत.

"बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "मंजूर. पण मंग तुमचा वेळू माझ्या हद्दीत यायला नको."

"न्हाई येणार."

"लिवून द्या."

तिथल्या तिथं कागद आला. मजकूर तोच, फक्त नावं उलटी. मायनं अंगठा केला. मग त्यांनी तिला बजावलं की खालून दोन्ही वेळूंचा गड्डा एक आहे, तो आत्ता तोडला तर तुमचा मरेल, पुढच्या मृगात मी हद्दीवर तोडून देईन, तोवर तुमच्याकडं चर खणून घ्या, अडीच हात. माय म्हणाली, दोन हात पुरे. तिथून परत भांडण सुरू झालं आणि लोक घरी गेले.

मायचं बेट पुढं चांगलं वाढलं. मोजणीदार गेले तेव्हा माझी बदली झालेली होती. त्यांना मायच्या बेटातले दोन काळे वेळू लागले, असं मला पत्रातून कळलं. उंची कुणाला विचारावी लागली नसेल, सगळ्या गावाला ती माहीत होती. पत्र हातात धरून मी शाळेच्या पायरीवर बसले आणि पोरांदेखत रडले.

पण मला सांगायचंय ते मायनं अंगठा केला त्याच दिवशीचं, सगळे गेल्यानंतरचं. आता कसली भीती, असं म्हणून मी ओट्याजवळ गेले आणि एका दमात बोलून टाकलं. बादली मी ओतत होते. वर्षभर. तुम्ही पहिल्या दिवशीच विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले होते. तुम्ही म्हणाल तर उद्या खोली सोडते.

मोजणीदार कुदळ पुसत होते. "मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. चर माझा हाय, बाई. ओली माती मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कुंपणाकडं पाहिलं. पलीकडं लिंबाला नवी पालवी होती. "चर साफ केला असता तर पाणी खोल गेलं असतं, लिंबाला लागलं नसतं. वैनीच्या मालकानं लावलेलं झाड हाय. डोळ्यादेखत मेलं असतं." मग ते म्हणाले, "मी झोपलो न्हाई, बाई. मी डोळे झाकले. कोंब येणार हे मला ठावं व्हतं."

कागद स्वतः लिहिलेला, बेट बायकोच्या नावानं लावलेलं, आणि हा माणूस वर्षभर रोज सकाळी तीन कोपरे मोजून चौथ्याआधी वळत होता. मला त्यांचे गुडघे दुखतात असं वाटलं होतं.

ते उठले, भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"आता पाऊस झाला. त्यो कोपरा साफ करा."

मी पदर खोचला आणि चरात उतरले. माझीच राख, माझीच माती, वर्षभराची. दोन तास लागले. हातांना फोड आले, केसांत चिखल गेला, आणि पलीकडून माय मला कसं खणायचं ते सांगत राहिली. झालं म्हणून मी वर पाहिलं. मोजणीदारांनी काठी खाली सोडली, वाकून खाच बघितली.

"दोन बोटं अजून," ते म्हणाले.